कार्यशाळा म्हणजे कामाची जागा



मी बचत गटांच्या समन्वयाचं काम करते. आज इंजिनिअरिंग कॉलेजातल्या चर्चासत्रांविषयी आणि कार्यशाळांविषयी बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, आपला आणि इंजिनिअरिंग कॉलेजचा काय संबंध? तिथं मुलं शिकतात, आपण गटाचे हप्ते भरतो. पण तुमच्यापैकी बऱ्याच जणींना असा निरोप आला असेल, ‘कॉलेजात कार्यक्रम आहे, गटाच्या पंचवीस महिला पाठवा.’ आणि आपण गेलो असू. जानेवारी ते मार्च या दिवसांत असे निरोप जास्त येतात. म्हणून एकाच कॉलेजात आम्ही तीनदा गेलो, त्याची गोष्ट आज सांगते.

पहिली वेळ जानेवारीतली. विषय होता महिलांचं सक्षमीकरण आणि तंत्रज्ञान. निरोप मला आला आणि बायका मी गोळा केल्या. हे आधीच सांगून टाकते, कारण त्या दिवशी जे झालं त्यात चूक माझीही होती. बायकांनी विचारलं, ‘ताई, तिथं काय हाय?’ मी म्हणाले, ‘कार्यशाळा आहे, शिकायला मिळेल.’ काय शिकायला मिळेल, हे मी स्वतः कुणाला विचारलं नव्हतं. हरभऱ्याची काढणी तोंडावर आली होती. एका दिवसाची तीनशे रुपये मजुरी सोडून चोवीस जणी आल्या.

सभागृह सुंदर होतं. पंखे, मऊ खुर्च्या, मोठा पडदा. पुढच्या चार रांगा राखीव होत्या, आम्हाला मागं बसवलं. दीपप्रज्वलन झालं, पुष्पगुच्छ झाले, मग भाषणं सुरू झाली. पडद्यावर इंग्रजीत अक्षरं येत होती आणि जात होती. बोलणारे लोक हुशार होते, यात शंका नाही. पण ते आमच्याविषयी बोलत होते, आमच्याशी बोलत नव्हते. मध्ये एकदा सगळ्यांनी मागं वळून आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. कशासाठी ते आम्हाला कळलं नाही. आम्हीही वाजवल्या.

दुपारी सही घेतली, जेवण दिलं, प्रमाणपत्र दिलं. प्रमाणपत्रावर लिहिलं होतं की सदर महिलेने एक दिवसीय कार्यशाळेत सक्रिय सहभाग घेतला.

परतताना गाडीत सगळ्या गप्प होत्या. मग आमच्या एक मावशी म्हणाल्या, ‘ताई, आपण तिथं कशाला गेलतो?’

मला उत्तर देता आलं नाही.

या मावशी कोण, ते आता सांगते. आमच्या एका गटानं तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून मिरची कांडपाचं मशीन घेतलं. आपण त्याला डंका म्हणतो. दोन अश्वशक्तीची मोटर, पट्ट्यावर चालणारे चार डंके. उन्हाळ्यात चटणीचा हंगाम सुरू झाला की आसपासच्या तीन गावांतून मिरची येते. कुणाची ब्याडगी, कुणाची संकेश्वरी, सोबत भाजलेला मसाला, खोबरं, कांदा-लसूण. मशीन चालवायचं काम मावशींकडं. हाताला अंदाज चांगला, माणसं जोडून ठेवणारा स्वभाव.

पहिल्या हंगामात, ऐन मे महिन्यात मोटर जळली. तेवीसशे रुपये देऊन वाइंडिंग करून आणली. दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा जळली. पुन्हा तेवढाच खर्च, वर नऊ दिवस मशीन बंद. गिऱ्हाईक दुसऱ्या गावच्या डंक्यावर गेलं. ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना फोन केला, तर ते म्हणाले, ‘मशीन चांगलं आहे. बायकांना चालवता येत नाही, ओव्हरलोड करतात.’ हे वाक्य गावात फिरलं. मग ते ‘मावशीच्या हातानं मोटर जळते’ असं झालं. गटाच्या बैठकीतही एक-दोघी तसंच बोलल्या. मावशींनी बटणाला हात लावायचं सोडलं. त्या मिरची निवडायला बसायच्या आणि मशीन चालू करायला कुणाच्या तरी मुलाला हाक मारायच्या. हप्ता तर दर महिन्याला होताच.

तर त्या चर्चासत्राच्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, आम्ही बाथरूम शोधत इमारतीच्या मागं गेलो. तिथं पत्र्याची एक लांबलचक शेड होती. वर पाटी होती, ‘कार्यशाळा’. आत लेथ मशीन, वेल्डिंग, सुतारकामाची टेबलं, वाइस लावलेले ओटे. खाकी एप्रन घातलेली पहिल्या वर्षाची मुलं-मुली कानशीनं लोखंड घासत होती. मावशी खिडकीशी उभ्या राहिल्या त्या हलेनातच. आतल्या एका पट्ट्याकडं बोट करून म्हणाल्या, ‘ह्याला जाळी हाय. आपल्याला न्हाई.’

तिथले एक शिक्षक बाहेर आले. त्यांनी विचारलं, कोणतं मशीन आहे तुमचं? मावशींनी सांगितलं आणि मोटर दोनदा जळल्याचंही सांगितलं. ते हसले नाहीत, ‘चालवता येत नाही’ असंही म्हणाले नाहीत. त्यांनी तीन प्रश्न विचारले. मोटरवरच्या पट्टीवर काय लिहिलंय? मीटरपासून मशीन किती लांब आहे? वायर किती जाडीची आहे? आम्हाला एकाचंही उत्तर आलं नाही. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी बाईऐवजी वायरीविषयी विचारत होतं.

म्हणजे बघा, त्याच आवारात एक सभागृह होतं आणि एक शेड होती. ज्या शेडवर ‘कार्यशाळा’ अशी पाटी होती तिथं आम्हाला कुणी नेलं नव्हतं. आणि जिथं नेलं होतं तिथं कार्यशाळेतलं काहीच नव्हतं.

मग मी पुढच्या आठवड्यात कॉलेजला पत्र लिहिलं. माझं शिक्षण बीए, इंजिनिअरिंगचा गंध नाही, त्यामुळं पत्र साधंच होतं. त्यात लिहिलं की आमचं असं असं मशीन आहे, दोनदा मोटर जळली, कारण समजून घ्यायचं आहे आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं ते आमच्या हातानं शिकायचं आहे. खाली चार गोष्टी घातल्या. बायका बाराच येतील. शिकवणं मराठीत हवं. हातात हत्यार द्यायला हवं. आणि आधी तुम्ही आमच्या गावात येऊन मशीन बघा.

मैत्रिणींनो, असं पत्र लिहिणं म्हणजे भीक मागणं नव्हे. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये उन्नत भारत अभियान सुरू केलं. त्यात सहभागी झालेली कॉलेजं जवळची गावं निवडतात आणि तिथल्या अडचणींवर काम करतात. राष्ट्रीय सेवा योजना, जिला मुलं एनएसएस म्हणतात, ती तर १९६९ पासून आहे. त्यात मुलांचं सात दिवसांचं शिबिर गावात असतं. शिवाय शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रोजेक्ट करावा लागतो आणि त्यासाठी खरा प्रश्न हवा असतो. आपल्याकडं प्रश्नांची काय कमी? आपल्या गरजेइतकीच त्यांचीही गरज असते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला ते शिक्षक आणि चार विद्यार्थी गावात आले. त्यांत दोन मुली होत्या. त्यांनी सगळ्यात आधी मोटरवरची पट्टी फडक्यानं पुसली. तीन वर्षं तिच्यावर मिरचीचा थर बसला होता. पट्टीवर सगळं लिहिलेलं होतं, २ एचपी, २३० व्होल्ट, ११ अँपिअर, १४४० फेरे. मशीनची कुंडलीच म्हणा ना. आम्ही ती कधी वाचली नव्हती.

मग अंतर मोजलं. मीटर होता एका सभासदाच्या घराच्या पुढच्या भिंतीवर. मशीन होतं मागं, परसाच्या पलीकडं जुन्या गोठ्यात. मिरचीचा ठसका घरात नको म्हणून आम्हीच ते लांब ठेवलं होतं. वायर साठ मीटर निघाली, आणि तीही घरातल्या बोर्डाला वापरतात तसली बारीक, दीड स्क्वेअर मिलिमीटरची. त्यांनी मीटरपाशी व्होल्टेज मोजलं, २०५ आलं. मशीन चालू करून मोटरपाशी मोजलं, १८७.

आमच्याकडं कुणालाच यातलं काही कळलं नाही. तेव्हा त्यातली एक मुलगी म्हणाली, ‘मावशी, तुमच्या आळीत नळाला पाणी येतं, तेव्हा शेवटच्या घराला कसं येतं?’

‘करंगळीएवढं,’ मावशी म्हणाल्या.

‘तसंच आहे. वायर म्हणजे बारीक पाइप. लांब अंतर आणि बारीक पाइप, म्हणून शेवटच्या घराला, म्हणजे तुमच्या मोटरला, जोर पुरत नाही. पण डंके तर तेवढेच जड आहेत. मग ते काम ओढायला मोटर जास्त करंट घेते. जास्त करंट म्हणजे जास्त उष्णता. आतलं वाइंडिंग तापतं, त्याचं आवरण जळतं, आणि मोटर जाते.’

मावशी जरा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे माझ्या हातानं न्हाई जळली?’

ती मुलगी म्हणाली, ‘नाही मावशी. वायरीनं जळली.’

मैत्रिणींनो, त्या दिवशी आणखी काही झालं नसतं तरी मला चाललं असतं.

पण ते शिक्षक म्हणाले, एकदा मोजून ठरवायचं नाही. व्होल्टेज दिवसभर सारखं नसतं. तुम्ही पंधरा दिवस नोंद ठेवा. त्यांनी एक साधा मीटर आमच्याकडं ठेवला, तो कसा धरायचा, कुठं लावायचा आणि कुठं अजिबात लावायचा नाही ते दाखवलं. मावशींची शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी गटाच्या हिशेबाच्या वहीमागं रकाने आखले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत दर दोन तासांनी आकडा लिहिला. पंधरा दिवसांत एकही रकाना चुकला नाही. त्या वहीतून असं दिसलं की सकाळी दहापर्यंत आणि दुपारी दोन ते चार व्होल्टेज बरं असतं, आणि संध्याकाळी सहानंतर खूप पडतं. आणि आम्ही मशीन कधी चालवत होतो? संध्याकाळी. कारण बायका रानातून तेव्हाच परत येतात.

फेब्रुवारीच्या शेवटी आमची दोन दिवसांची कार्यशाळा झाली. सभागृहात नाही, त्या पत्र्याच्या शेडमध्ये. भाषण एकच झालं, पाच मिनिटांचं, आणि तेही धोक्याविषयी. पदर खोचायचा, केस बांधायचे, बांगड्या मागं सारायच्या, मुख्य स्विच बंद केल्याशिवाय आणि टेस्टर लावून बघितल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही.

पहिल्या दिवशी प्रत्येकीनं थ्री पिन उघडून पुन्हा जोडली. तीन वायरींपैकी हिरवी ती अर्थिंगची. आमच्या मशीनची पिन उघडली, तर हिरवी वायर कापून आत नुसती दुमडून ठेवलेली होती. जोडणाऱ्यानं ‘नसली तरी चालतं’ म्हणून सोडली असेल. गेल्या उन्हाळ्यात आमच्या एका वहिनींना मशीनला हात लावताच झटका बसला होता. तेव्हा आम्ही म्हणालो, हात ओले असतील. त्या दिवशी ती दुमडलेली वायर बघून वहिनींचा चेहरा पांढरा पडला. अर्थिंग म्हणजे चुकून मशीनच्या अंगात आलेल्या विजेला जमिनीत जायला करून दिलेली वाट. ती वाट बंद असेल तर वीज आपल्या अंगातून जाते. जमिनीतल्या अर्थिंगच्या खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालतात, आणि उन्हाळ्यात तिथं पाणी ओतावं लागतं, कारण कोरडी माती वीज नीट ओढून घेत नाही. हे काम वायरमनकडूनच करून घ्यायचं, पण झालंय की नाही ते आपण बघायचं. शिवाय बोर्डावर आरसीसीबी नावाचा स्विच बसवता येतो. वीज थोडी जरी भलत्या वाटेनं जाऊ लागली तरी तो आपोआप पडतो. आम्ही मोटरसाठी दोनदा खर्च केला होता, या स्विचसाठी एकदाही केला नव्हता.

त्याच दिवशी विजेचा हिशेब शिकलो. एक युनिट म्हणजे हजार वॅटची वस्तू एक तास चालवणं. नऊ वॅटचा एलईडी बल्ब एका युनिटमध्ये शंभर तासांहून जास्त चालतो. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. आमची दोन अश्वशक्तीची मोटर पूर्ण भारावर तासाला दोन युनिटच्या आसपास खाते. आता तासाला किती किलो कुटून होतं ते आपल्याला माहीत आहे. मग किलोमागं विजेचा खर्च किती, ते पाटीवर मांडता येतं. तीन वर्षं आम्ही कांडपाचा दर शेजारच्या गावात काय आहे ते बघून ठरवत होतो. त्या दिवशी पहिल्यांदा आमचा दर आमच्या हिशेबानं काढला.

दुसऱ्या दिवशी पट्ट्याला जाळी केली. मुलांनी वेल्डिंग केलं, पण माप आमच्या बायकांनी घेतलं, जाळी कापली त्यांनीच, कडा कानशीनं घासल्या त्यांनीच. मावशी कानस मारत होत्या, तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, ‘आम्हाला पहिल्या वर्षी असं सरळ घासायला पंधरा दिवस लागले.’ मावशी म्हणाल्या, ‘विळ्याला धार लावत्यात ना, तसंच हाय की.’

आणि मुख्य प्रश्न, वायरीचा. विद्यार्थ्यांनी दोन उपाय आणले होते. एक, साठ मीटर जाड वायर टाकायची. दोन, स्टॅबिलायझर बसवायचा. दोन्हींचा खर्च फळ्यावर लिहिला. तो बघून सगळ्या गप्प झाल्या. गटाच्या शिलकीत तेवढे पैसे नव्हते. तेव्हा वहिनी म्हणाल्या, ‘वायर मशीनपर्यंत न्यायची, त्यापरीस मशीनच वायरीकडं आणलं तर?’

शेडमध्ये एकदम शांतता झाली. मुलं एकमेकांकडं बघायला लागली. शिक्षक हसत म्हणाले, ‘हे आपल्याला का सुचलं नाही?’

मग त्यावर तासभर चर्चा झाली. खरं चर्चासत्र मी त्या दिवशी बघितलं. मीटरला अगदी लागून मशीन आणलं तर ठसका घरात जाणार, घरात लहान मूल आहे. वारं कोणत्या बाजूनं येतं, हे बायकांनी सांगितलं. वीस मीटरवर, घराच्या बाजूला पडवी आहे, तिथून ठसका रानाकडं जातो. तिथं मशीन आणायचं आणि तेवढ्यापुरती चार स्क्वेअर मिलिमीटरची वायर टाकायची. त्या मुलीनं तिथंच कागदावर गणित केलं. आधी वायरीत सतरा-अठरा व्होल्ट जात होते, आता दोन-तीन जातील. वायरीचा खर्च आटोक्यात आला. गणित तिचं होतं, वारं आमचं होतं. दोन्ही लागतात.

यंदा मार्चपासून मशीन पडवीत आहे. सकाळी आणि दुपारी चालतं. संध्याकाळी ज्यांना मिरची द्यायची त्या ती ठेवून जातात आणि दुसऱ्या दिवशी कुटलेली नेतात. वेळ बदलल्यावर थोडी कुरकुर झाली, पण माणसं आली. पूर्ण हंगामात मोटर जळली नाही. बटण मावशीच दाबतात.

सगळं आलबेल झालं, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळच्या व्होल्टेजचा प्रश्न तसाच आहे. त्याचा अर्ज आम्ही वहीतल्या नोंदी जोडून दिलाय. बारा जणींपैकी दोघी अजूनही पिन उघडायला घाबरतात. घाबरणं वाईट नाही, विजेची भीती असावीच. आणि वायर, जाळी, अर्थिंग आणि तो स्विच यांचा खर्च कर्जाच्या हप्त्यावर चढलाय. तो फिटायला अजून एक हंगाम लागेल.

आता तिसरी वेळ. एप्रिलमध्ये त्या मुलीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या मुलांना अभ्यासाचा भाग म्हणून वर्गासमोर एक विषय मांडावा लागतो, त्यालाही ते सेमिनारच म्हणतात. तिनं आमचं मशीन हा विषय घेतला होता. ‘मावशींना घेऊन याल का?’ म्हणाली. आम्ही चौघी गेलो. या वेळी कुणी ‘पंचवीस पाठवा’ म्हणालं नव्हतं. आम्हाला पुढं बसवलं. तिनं मराठीत मांडणी केली. मध्येच पडद्यावर एक वहीचं पान आलं. आखलेले रकाने, वाकडी अक्षरं, व्होल्टेजचे आकडे. ते मावशींच्या हातचं पान होतं. तिथल्या सरांनी प्रश्न विचारला, ‘या नोंदी विश्वासार्ह आहेत कशावरून?’ मुलगी म्हणाली, ‘सर, ज्यांनी घेतल्या त्या इथंच आहेत, त्यांनाच विचारा.’

मावशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, ‘मोटर जळली की आमचं पैसं जात्यात, सर. खोटं लिहून कुनाला फशिवनार?’

टाळ्या तेव्हाही वाजल्या. कशासाठी, ते या वेळी कळलं.

मैत्रिणींनो, चर्चासत्रं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. विचार मांडायला सभागृह लागतंच. पण आपण तिथं गर्दी म्हणून जायचं की माणूस म्हणून, हे ठरवणं काही अंशी आपल्या हातात आहे. राजस्थानात डुंगरपूर नावाचा आदिवासी जिल्हा आहे. तिथल्या बचत गटांच्या बायका आयआयटी मुंबईच्या मदतीनं सौरदिवे जोडायला शिकल्या आणि पुढं सोलर पॅनेल बनवण्याचा कारखाना त्यांनी उभा केला. त्यांची सुरुवातही हातात हत्यार घेण्यापासूनच झाली.

म्हणून पुढचा निरोप येईल तेव्हा मी पाच गोष्टी विचारणार आहे. तुम्हीही विचारा, लिहून घ्या हवं तर.

पहिली, कार्यक्रमात आम्ही काय करणार? ऐकणार, की हातानं काही करणार?

दुसरी, भाषा कोणती?

तिसरी, आमच्या कामातला कोणता प्रश्न घेणार? तो आम्ही आधी कळवला तर चालेल का?

चौथी, आमचा एक दिवसाचा रोज बुडतो. येण्याजाण्याचं काय, आणि काढणी-पेरणी सोडून दुसरा दिवस धरता येईल का?

आणि पाचवी, नंतर अडलं तर कुणाला फोन करायचा?

या पाचांपैकी तीनांची नीट उत्तरं आली तर जरूर जा. आली नाहीत तर नम्रपणे सांगा, ‘आमचा प्रश्न पत्रानं कळवतो, त्यावर कार्यक्रम ठेवा, आम्ही येऊ.’ निरोप देणारं माणूस रागावत नाही. मी घाबरत घाबरत सांगून बघितलंय.

आणि आज घरी एक काम करा. तुमच्या गटाकडं गिरणी असेल, शेवयाचं मशीन असेल, डंका असेल, तर मुख्य स्विच बंद करा, कोरडं फडकं घ्या आणि मोटरवरची पट्टी पुसा. त्यावर जे लिहिलंय ते गटाच्या वहीत उतरवून ठेवा. मीटरपासून मशीनपर्यंतची वायर पावलांनी मोजा. पिनमध्ये हिरवी वायर जोडलेली आहे का, ते वायरमनकडून बघून घ्या. एवढं झालं की तुमचं पत्र निम्मं लिहून झालं.

परवा मावशींनी ते जानेवारीतलं प्रमाणपत्र कपाटातून काढलं. मला वाटलं फाडतात की काय. पण त्यांनी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर कांडपाचा नवा दर लिहिला आणि पडवीत मशीनच्या वर लावून टाकला.